संध्याकाळी घोट्यांवर चढणारी सूज : कारण कुठे शोधावे?

प्रश्न : गुहागरची लेक

नमस्कार. माझी आई ६३ वर्षांची असून गुहागर तालुक्यातील आमच्या घरी राहते, आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. मे महिन्याच्या अखेरीस घरी गेले असता एका संध्याकाळी ती पडवीत बसून पायांच्या बोटांना खोबरेल तेल चोळत होती आणि जोडवी फिरतात का ते पाहत होती. एरवी ती सैल असतात; त्या दिवशी मात्र उजव्या पायाचे जोडवे इतके रुतले होते की त्याच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आले होते. पावलावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटला होता आणि रात्रीची जेवणे आटोपली तरी तो गेला नव्हता. विचारल्यावर ती एवढेच म्हणाली, "हंगामात पेट्या भरताना दिवसभर उभे राहावे लागते, त्याने होते." दुसऱ्या दिवशी सकाळी सूज बरीच उतरलेली होती, पण दुपारनंतर ती पुन्हा चढू लागली.

आईला आठ वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे, मधुमेह नाही. मार्चपर्यंत ती अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी घेत होती. एप्रिलच्या मध्यावर रक्तदाब १६०/९४ भरला, तेव्हा डॉक्टरांनी तीच गोळी १० मिलिग्रॅमची करून दिली. गेल्या दोन महिन्यांत तिचे वजन तीन किलोंनी वाढले आहे, आणि तिचे जेवण मात्र वाढलेले नाही. धाप लागत नाही, दुखत नाही, असे ती सांगते. परंतु आपले दुखणे सांगण्याची तिला सवयच नसल्यामुळे या उत्तरावर मी पूर्ण विसंबून नाही.

शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की अंगात पाणी धरले आहे, आणि त्यांनी स्वतःच्या पाण्याच्या गोळ्यांतील चार गोळ्या आईला आणूनही दिल्या आहेत. दुसऱ्या एका नातेवाइकांनी घेटुळीचा काढा सुचवला आहे. आईची दोन्ही घेण्याची तयारी आहे, मीच तिला थांबवले आहे. मी जे काही वाचते त्यात हृदय, मूत्रपिंड आणि यकृत ही तीनच नावे पुढे येतात आणि मन घाबरते. इतकी सौम्य, दिवसाबरोबर चढणारी आणि रात्री उतरणारी सूज कोणकोणत्या कारणांनी येऊ शकते, डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी काय पाहून ठेवावे, आणि तपासणीपूर्वी पाण्याची गोळी देण्यात काही धोका आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


उत्तर : निवृत्त आरोग्यसेविका, दापोली

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. काकूंच्या गोळ्या आईंना देऊ नका, आणि त्या काकूंना परत करा, कारण त्यांच्या प्रकृतीसाठी त्या मोजून दिलेल्या असणार. पाण्याच्या गोळीने लघवी वाढते आणि सूज दोन दिवस उतरल्यासारखी दिसते, परंतु लघवीबरोबर पोटॅशियम आणि सोडियमही जाते. उतारवयाच्या माणसाला त्याने पायात गोळे येणे, उठताना चक्कर येणे, क्वचित छातीत धडधडणे असे त्रास होतात. शिवाय डॉक्टरांसमोर जाताना सूजच दिसेनाशी झाली, तर त्यांनी कशाच्या आधारावर विचार करायचा?

मी एकतीस वर्षे उपकेंद्रांवर काम केले. या काळात माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की सूज हा आजार नसतो, तो कुठून तरी आलेला निरोप असतो, आणि निरोप कुणाचा आहे हे बऱ्याचदा तिच्या वेळेवरून व जागेवरून कळते. म्हणून पुढील काही गोष्टी नीट पाहा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरच तारखेखाली लिहून ठेवा.

संध्याकाळी आईंना पाय पुढे करून बसवा. घोट्याच्या चार बोटे वर, नडगीच्या हाडावर, आपला अंगठा टेकवून दहा अंक मोजेपर्यंत दाबून धरा आणि मग उचला. खळगा पडतो का, पडल्यास किती वेळात भरतो, हे पाहा. खळगा पडणे म्हणजे त्वचेखाली पाणी साठलेले असणे. थायरॉइड मंदावल्यामुळे येणारी सूज बहुधा अशी दबत नाही, ती फुगीर आणि घट्ट लागते, आणि तिच्यासोबत कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, घोगरा आवाज, थंडी सोसेनाशी होणे अशा खुणा असतात.

त्यानंतर वजन. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहा घेण्यापूर्वी, त्याच वजनकाट्यावर आणि साधारण तशाच कपड्यांत वजन करा. सर्वांगात सूज डोळ्यांना दिसू लागेपर्यंत शरीरात दोन-तीन लिटर पाणी आधीच साठलेले असते आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणून काटा डोळ्यांच्या आधी सांगतो. तुम्ही लिहिलेले तीन किलो मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात.

सूज दोन्ही पायांना सारखी आहे की एका पायाला जास्त, सकाळी उठल्यावर पापण्या फुगलेल्या असतात का, उशाला पूर्वीपेक्षा जास्त उशा लागतात का, रात्री झोपेतून गुदमरून उठावे लागते का, लघवीला फेस येतो का, पोट फुगल्यासारखे होऊन परकर किंवा नाडी घट्ट होते का, हे प्रश्न तुम्ही स्वतः विचारा, नुसते "बरी आहेस ना?" असे विचारल्यास त्या "बरी आहे" असेच म्हणतील.

आणि एक गोष्ट नक्की करा. त्यांच्या औषधांची पिशवी चटईवर पालथी करा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या एका बाजूला ठेवा, आणि मेडिकलमधून मागून आणलेल्या गोळ्या, कुणी दिलेल्या पुड्या, सांधेदुखीची चूर्णे हे सारे दुसऱ्या बाजूला. ही दुसरी बाजू घरातल्या माणसांना बहुधा ठाऊकच नसते. सांधेदुखीच्या काही निनावी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळते, आणि त्यानेही चेहरा व पाय सुजतात.

धाप लागली, छातीत दुखले, एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, किंवा लघवी फार कमी झाली, तर नोंदी करत बसू नका; त्याच दिवशी रुग्णालयात घेऊन जा.


गुहागरची लेक

ताई, आपले मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे पिशवी पालथी केली आणि जे मला दोन महिने माहीत नव्हते ते समोर आले. डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांच्या पाच रिकाम्या पट्ट्या आणि एक अर्धी पट्टी तिच्यात निघाली. मार्चच्या अखेरीस, आंबे उतरवायला सुरुवात झाली त्या सुमारास, आईचे गुडघे दुखू लागले होते. तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून ही गोळी आणली आणि तेव्हापासून बहुतेक दिवस एक, कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन अशी ती घेत आहे. रक्तदाबाच्या डॉक्टरांना तिने हे सांगितले नव्हते, कारण, तिच्याच शब्दांत, "ती गुडघ्याची गोळी, तिचा बीपीशी काय संबंध?"

नडगीवर खळगा पडतो. मनात वीस अंक मोजेपर्यंत तो पूर्ण भरला नव्हता. सूज दोन्ही पायांना आहे, उजव्या पायाला किंचित जास्त. उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला निळसर, वळणावळणाच्या शिरा दिसतात आणि घोट्याजवळची त्वचा तपकिरी झाली आहे. ते जुने आहे असे आई म्हणते. पापण्या फुगलेल्या नसतात, उशी एकच लागते, लघवीला फेस नाही.

जेवणाबद्दलही लिहिते, कारण ते कदाचित उपयोगी पडेल. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, बेगमी नुकतीच झाली आहे. घरात खारवलेले बांगडे, सुके बोंबील, सुकट, खारातल्या कैऱ्या, लोणचे आणि पापड असे सगळे भरलेले आहे, आणि सकाळच्या पेजेबरोबर यांपैकी काहीतरी असतेच.


उत्तर : फिजिशियन, सिंधुदुर्ग

आपण दिलेल्या नोंदी इतक्या स्पष्ट आहेत की त्यांवरून एक साखळी बरीचशी दिसते. मी रुग्णाला तपासलेले नाही, त्यामुळे पुढील विवेचन निदान म्हणून नव्हे, तर आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये कमी करतात. वेदना त्यामुळेच कमी होते. परंतु मूत्रपिंडातील रक्तप्रवाह राखणे आणि मीठ बाहेर टाकणे या कामांतही हीच द्रव्ये मदत करत असतात. ती कमी झाली की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते, मिठाच्या मागोमाग पाणी राहते, वजन वाढते, आणि रक्तदाबही चढतो. मार्चच्या अखेरीस गोळी सुरू झाली आणि एप्रिलच्या मध्यावर रक्तदाब १६०/९४ भरला, हा क्रम योगायोगाचा असू शकतो, पण माझे पहिले लक्ष तिथेच जाईल.

डॉक्टरांना वेदनाशामकाची माहिती नव्हती, म्हणून त्यांनी रक्तदाबाची गोळी वाढवली, आणि समोर असलेल्या माहितीवर तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. आता अ‍ॅम्लोडिपिन सूज कशी आणते ते पाहू. ही गोळी रक्त नेणाऱ्या सूक्ष्म रोहिण्या सैल करते, परंतु रक्त परत आणणाऱ्या नीला तितक्या सैल करत नाही. येणारे पाणी वाढले आणि जाणारा पाट तेवढाच राहिला, तर मधल्या वाफ्यात पाणी तुंबते. तसाच दाब केशवाहिन्यांत वाढतो आणि द्रव बाहेर झिरपून, उभ्या माणसात गुरुत्वाकर्षणामुळे, घोट्यांपाशी साठतो. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० मिलिग्रॅमवर हा परिणाम बराच अधिक आढळतो, आणि स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त. इथे शरीरात पाणी अतिरिक्त झालेले नसते, ते चुकीच्या जागी गेलेले असते. म्हणूनच अ‍ॅम्लोडिपिनच्या सुजेवर पाण्याची गोळी फारशी लागू पडत नाही, हे आपल्या मूळ प्रश्नाचे एक उत्तर आहे.

म्हणजे गुडघ्याच्या गोळीने रक्तदाब वाढवला, रक्तदाबासाठी दुसरी गोळी दुप्पट झाली, दुपटीने सूज आणली, आणि सुजेसाठी तिसरी गोळी घराच्या दारात येऊन उभी राहिली आहे. माझ्या ओपीडीत ही साखळी वेगवेगळ्या रूपांत मला वारंवार भेटते, आणि तिसऱ्या-चौथ्या कडीपर्यंत पोचलेल्या रुग्णाची पहिली कडी शोधायला कधी कधी पाऊण तास लागतो. मला याची खंत वाटते, कारण पहिली कडी बहुतेक वेळा चिठ्ठीशिवाय घेतलेली आणि कुठेही न नोंदलेली गोळी असते.

या दोन प्रमुख कारणांमागे आणखी दोन उभी आहेत. पायावरच्या वळणदार शिरा आणि घोट्याजवळचा तपकिरी रंग सांगतो की उजव्या पायातील नीलांच्या झडपा पूर्वीपासून कमकुवत असाव्यात. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. एका जागी उभे राहून पेट्या भरताना ते काम थांबते आणि रक्त खाली तुंबते. त्यात एप्रिल-मेचा आपल्याकडचा दमट उष्मा, ज्यात शरीर उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेच्या रक्तवाहिन्या सैल करते. एकट्या उष्म्याने निरोगी माणसाचे घोटेही सुजू शकतात. दुसरे कारण मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहून कमी मीठ सुचवले आहे, आणि त्यात आमटी-भाजीतले, भाकरीतले आणि लोणच्यातले सगळे मीठ आले. पेजेबरोबरचा खारवलेला बांगडा आणि खारातली कैरी मिळून त्यातला मोठा वाटा सकाळीच संपवतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, ताजी मासळी दुर्मीळ होते आणि सुक्या मासळीवर भर येतो. माझ्या अनेक हृदयरुग्णांची सूज याच दोन महिन्यांत वाढते, असे मी दरवर्षी पाहतो.

आता काय करावे. डायक्लोफेनॅक कुणी लिहून दिलेली नसल्यामुळे ती आजच थांबवावी. अ‍ॅम्लोडिपिन मात्र स्वतःहून बंद किंवा कमी करू नये. डॉक्टरांना सगळे सांगून त्यांच्याकडून बदल करून घ्यावा. वेदनाशामक सुटल्यावर रक्तदाब आपोआप काहीसा उतरेल, मग मात्रा ५ मिलिग्रॅमवर आणता येते का, किंवा टेल्मिसार्टनसारख्या दुसऱ्या गटातील औषधाची जोड देता येते का, हे ते ठरवतील. त्या गटातील औषधे नीलाही सैल करतात, त्यामुळे अ‍ॅम्लोडिपिनची सूज त्यांच्या जोडीने कमी होते. एक इशारा इथेच देतो. टेल्मिसार्टन, पाण्याची गोळी आणि डायक्लोफेनॅक ही तीन औषधे एकाच वेळी पोटात गेली, तर विशेषतः उन्हाळ्यात किंवा जुलाबात, मूत्रपिंडाला अचानक गंभीर इजा होऊ शकते. काकूंची गोळी परत करणे म्हणूनही गरजेचे आहे.

कारण सापडल्यासारखे वाटले तरी तपासण्या टाळू नयेत. लघवीची साधी तपासणी आणि तिच्यातील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की हे वाढते), सोडियम, पोटॅशियम, यकृताच्या तपासण्या आणि त्यांतील अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि ईसीजी एवढे प्रथम पुरे. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवते. ते साधारण ३.५ ते ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असावे. यकृत ते बनवीनासे झाले, मूत्रपिंडातून ते वाहून जाऊ लागले किंवा आहारातून प्रथिनेच पोटात गेली नाहीत, तर ते घटते आणि सूज येते. ईसीजीत काही वेगळे आढळल्यास, धाप असल्यास किंवा मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्यास टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा.

घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, आयुर्वेदात शोथावर, म्हणजे सुजेवर, पूर्वापार वापरली जाते आणि तिच्याविषयी मला अनादर नाही. परंतु कारण ठरण्यापूर्वी काढा सुरू केल्यास कशाने काय झाले हे कळेनासे होते. वैद्यांच्या सल्ल्याने घ्यायचाच असेल, तर तपासण्या झाल्यावर घ्यावा आणि तो घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे.


उत्तर : राजापूरहून एक रुग्ण

वरील उत्तरे वाचून मला माझा अनुभव लिहावासा वाटतो, कारण माझी सूज याच्या अगदी उलट वेळेची होती. मी ४६ वर्षांचा आहे. सकाळी उठल्यावर माझे डोळे नीट उघडत नसत, इतक्या पापण्या फुगलेल्या असत, आणि दुपारपर्यंत त्या उतरून घोटे भरत. गावाजवळच्या एका दवाखान्यात पाच महिने मला अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मिळाल्या. त्या पाच महिन्यांत लघवीची तपासणी एकदाही झाली नाही. ती तपासणी शंभर-दीडशे रुपयांची असते, हे नंतर कळल्यावर मला फार वाईट वाटले.

लघवीला फेस होता, पण तो आजार असू शकतो हे मला माहीत नव्हते. साधा फेस लगेच विरतो. माझा फेस साबणाच्या पाण्यासारखा, तांब्याभर पाणी ओतले तरी भांड्याच्या कडेला चिकटून राहणारा होता. शेवटी कोल्हापुरात मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवले, तेव्हा दिवसाला ६ ग्रॅमहून जास्त प्रथिने लघवीतून जात असल्याचे निघाले आणि अल्ब्युमिन २.१ होते. निरोगी माणसात दिवसाला १५० मिलिग्रॅमहून कमी प्रथिने जातात आणि ३.५ ग्रॅमच्या पुढे नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिने वाहून जाण्याचा विकार, समजतात, असे त्यांनी मला कागदावर लिहून समजावले. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला, वर्षभर उपचार झाले, आज लघवीतली प्रथिने जवळजवळ नाहीत.

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळे घेऊन येतो. माझे पोटॅशियम वाढलेले असताना मी दिवसाला तीन शहाळी पीत होतो, कारण ते थंड आणि निर्मळ, त्याने अपाय कसा होईल, अशी माझी समजूत होती. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंड कमी काम करत असेल तर ते हृदयाला धोक्याचे ठरते. "कमी सोडियमचे मीठ" म्हणून मिळणाऱ्या मिठातही सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढू शकते, म्हणून ताईंच्या आईंना ते सुरू झाले तर या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आधी विचाराव्यात.


उत्तर : देवगडचा बागायतदार

दोन्ही पाय सुजणे आणि एक पाय सुजणे यांतला फरक आरोग्यसेविका ताईंनी एका वाक्यात सांगितला, त्यात मी थोडी भर घालतो, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि लावणीच्या दिवसांत आमच्या वाडीत एका पायाच्या सुजेचे रुग्ण दरवर्षी निघतात.

बहुतेकांचे मूळ चिखल्यांत असते. चिखलात दिवस दिवस उभे राहून बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडते, सोलवटते, आणि त्या भेगेतून जंतू आत शिरतात. पाय लाल होतो, तापतो, थंडी वाजून ताप येतो. ही सूज पाण्याच्या गोळीची नव्हे, प्रतिजैविकाची असते, आणि मधुमेह्यांत ती एका रात्रीत वाढते. माझ्या धाकट्या भावाची सूज मात्र वेगळी निघाली. पायाच्या हाडाला प्लॅस्टर घालून तो पाच आठवडे अंथरुणावर होता. प्लॅस्टर काढल्यावर आठवड्याने तीच पोटरी भरून आली, दाबल्यावर दुखू लागली. प्लॅस्टरनंतर असे होतेच, असे म्हणून आम्ही दोन दिवस शेकत बसलो. डॉप्लर तपासणीत (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) खोल नीलेत रक्ताची गुठळी दिसली. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर तो वाचला नसता, असे डॉक्टरांनी सांगितले. गुठळी असलेला पाय चोळू नये, हेही तेव्हाच कळले, आणि आम्ही दोन्ही रात्री तेल लावून चोळला होता.

तिसरे कारण हत्तीरोग. माझे वडील हिवताप विभागात होते. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू रात्री रक्तात उतरतात, म्हणून रक्ताचे नमुनेही रात्री घ्यावे लागतात. वडील जेवून निघत आणि हातात बॅटरी व काचपट्ट्यांचा डबा घेऊन मध्यरात्रीपर्यंत वाड्यावाड्यांवर फिरत. लोक झोपेतून उठायला नाखूश असत. हा रोग क्युलेक्स डासांमुळे पसरतो, आणि ते डास घाण पाण्यात, शौचालयाच्या टाकीत वाढतात, म्हणून टाकीच्या नळीच्या तोंडाला जाळी बांधा असे ते घरोघरी सांगत. सुरुवातीला ही सूजही दाबल्यावर खळगा पडणारी असते. जांघेत गाठ, मधूनमधून ताप आणि एका पायावर वाढत जाणारी सूज असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हा संशय बोलून दाखवावा. पुढे कातडी जाड झाल्यावर पाय पूर्ववत होत नाही. तेव्हा रोज साबणाने धुऊन बोटांमधून कोरडा ठेवणे, हाच मोठा उपचार उरतो.


गुहागरची लेक

साडेतीन आठवड्यांनी लिहीत आहे. आईला घेऊन आधी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले आणि डायक्लोफेनॅकच्या पट्ट्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या शांतपणे मोजल्या आणि आईला म्हणाले, "काकी, हे मला एप्रिलमध्ये सांगितले असते, तर मी गोळी वाढवली नसती."

पहिल्या तपासणीत क्रिएटिनिन १.३ होते, दोन आठवड्यांनी ते १.० आले. लघवीत प्रथिने नाहीत, अल्ब्युमिन ४.१, हिमोग्लोबिन १०.८, ईसीजी ठीक. टूडी इकोही केला, त्यात हृदयाचे आकुंचन व्यवस्थित आहे. टीएसएच ७.२ आले, ते किंचित वाढलेले आहे. लगेच औषध न देता तीन महिन्यांनी पुन्हा पाहू असे डॉक्टर म्हणाले. डायक्लोफेनॅक बंद केल्यावर दहाव्या दिवशी वजन पावणेदोन किलोंनी उतरले. त्यानंतर अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमवर आणली आणि टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम सुरू केली. काल रक्तदाब १३४/८२ होता. गुडघ्यांसाठी ठरावीक मर्यादेत पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले आहेत. व्यायाम ती मनापासून करत नाही, फोनवर मी रोज आठवण करते.

खारवलेले बांगडे आई आता दोनदा पाणी बदलून भिजवते आणि आठवड्यातून एकदाच करते. खारातल्या कैऱ्यांची बरणी मात्र तिने स्वतःच वहिनीकडे पाठवली. घोट्यांवर संध्याकाळी थोडी सूज अजून असते, उजवीकडे अधिक. जोडवी फिरतात.

उजव्या पायाच्या शिरांसाठी डॉक्टरांनी दाबाचे मोजे सुचवले आहेत. या दमट हवेत आणि आता पावसात ते वापरणे शक्य होईल का, आणि वापरताना काय काळजी घ्यावी?


उत्तर : फिजिशियन, सिंधुदुर्ग

क्रिएटिनिन उतरले हे वाचून बरे वाटले. मला सर्वांत अधिक काळजी त्याचीच होती. टीएसएचबद्दल तुमच्या डॉक्टरांचा निर्णय योग्य आहे.

मोजे घेण्यापूर्वी पावलावरची नाडी लागते का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या, कारण रोहिण्यांतला रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला दाबाचे मोजे अपाय करतात. मापे सकाळी, सूज नसताना द्यावीत. मोजे अंथरुणातून पाय खाली ठेवण्यापूर्वी चढवावेत आणि रात्री झोपताना काढावेत. दोन जोड लागतील, कारण आपल्याकडे जुलैमध्ये धुतलेला जोड दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुकत नाही, आणि ओलसर मोजा चिखल्यांना आमंत्रण देतो. बेचक्यांत पांढरेपणा दिसला, तर तो बरा होईपर्यंत मोजे बंद ठेवावेत. ज्या दिवशी मोजे घालणे शक्य नसेल, त्या दिवशी दुपारी अर्धा तास पाय छातीपेक्षा उंच राहतील असे टेकवून आडवे व्हावे आणि पावले वर-खाली हलवावीत.

टेल्मिसार्टन सुरू केल्यानंतर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासावे लागते. तुमच्या आजच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. पावसाने रस्ता बंद पडण्यापूर्वी, याच आठवड्यात, ती तपासणी करून घ्या.